रोजची बॅग, रोजची कानातली: पुण्यातला कुठला बाजार कशासाठी

निकाल आधी, कारणं नंतर. कानातली, बांगड्या, क्लिपा, स्टोल यांसाठी तुळशीबागेला तोड नाही. एक-दोन पावसाळे टिकली तरी पैसे वसूल, अशी कॉलेजची स्लिंग बॅग डेक्कनच्या हाँगकाँग गल्लीत किंवा कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर घ्यावी. दिवसभर खांद्यावर राहणारी ऑफिसची बॅग मात्र या तिन्ही ठिकाणी घेऊ नये. तिला शोरूमचं बिलच शेवटी स्वस्त पडतं. होतं नेमकं उलटं. कपाटात चारशे-चारशेच्या सहा बॅगा असतात आणि एकीचीही चेन धड लागत नाही.

बाजारात जायच्या आधीचं काम घरी आहे. आठवड्याचे कपडे पलंगावर मांडा आणि कुर्ते बाजूला सारून लेगिंग, सलवारी, जीन्स आणि चपला बघा. कुर्ता रोज वेगळा असतो; खालचे रंग फिरून फिरून तीन-चारच. त्या तीन-चार रंगांशी आणि चपलेशी बॅग जमली की वर काहीही घाला. एका कुर्त्याला मॅचिंग म्हणून घेतलेली गुलाबी बॅग महिन्यातून दोनदा घराबाहेर पडते.

एकच घ्यायची असेल तर टॅन घ्या, म्हणजे कोल्हापुरी चपलेच्या आसपासचा तपकिरी. निळ्या जीन्सवर, मोहरी, मेंदी, मरून, क्रीम अशा सुती कुर्त्यांवर, काठाच्या सुती साडीवर तो सहज बसतो. टॅन फसतो तो राखाडी, काळ्या-पांढऱ्या, चंदेरी कपड्यांवर. कपाटात तेच जास्त असतील तर काळी घ्यावी. काळी बॅग कुठेही खपते असं समजून घेतली जाते, पण स्वस्त काळ्या रेक्झिनची एक खोड आहे. कोपरा घासला की आतलं फिकं कापड डोकावतं आणि ते काळ्यावर लांबून दिसतं. टॅनवर तोच ओरखडा खपून जातो. या दोन्हींचा कंटाळा आलेल्यांसाठी गडद वाईन रंग आहे. काळ्या आणि तपकिरी दोन्ही चपलांवर तो चालतो, पण मागितल्याशिवाय कोणी काढून दाखवत नाही.

ऑफव्हाइट, पिस्ता, बेबी पिंक यांचा मोह जीन्सवाल्यांनी आवरावा. नव्या गडद जीन्सचा निळा रंग घासून बॅगेच्या मागच्या बाजूवर उतरतो. हा वरवरचा डाग नसतो, रेक्झिनच्या थरात मुरलेला असतो. स्पिरिट लावलं तर डाग जायच्या आधी बॅगेची चमक जाते. जीन्स रंग सोडते का हे बघायला पांढरा रुमाल ओला करून मांडीवर वीसेक वेळा जोरात घासा. रुमाल निळा झाला तर चार-पाच धुण्यांपर्यंत ती जीन्स आणि फिकी बॅग एकत्र नकोत.

छापील कुर्त्यावर साधी बॅग, साध्या कुर्त्यावर इकत किंवा खणाची. यापलीकडे त्यात फार डोकं लावण्यासारखं काही नाही.

बॅगेच्या कड्या आणि बकल सोनेरी की चंदेरी, हे मात्र बहुतेक जणी बघतच नाहीत. सगळं घालूनही काहीतरी जमत नाहीये असं वाटतं, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. गळ्यात रोज मंगळसूत्र असेल तर सोनं ठरलेलंच आहे, त्यावर चकचकीत चंदेरी साखळीची बॅग उपरी वाटते. कानात रोज ऑक्सिडाइज्ड झुमके आणि मनगटावर स्टीलचं घड्याळ असेल तर पिवळीधमक बकलं नकोत. दोन्ही घालणाऱ्यांनी जुन्या पितळेसारख्या मंद रंगाच्या कड्यांची बॅग बघावी, ती दोन्हीकडे निभावते. घड्याळाचा पट्टा चामड्याचा असेल तर बॅगेच्या रंगाच्या आसपास असला की पुरे. पट्टा, बॅग, चपला, बेल्ट असं सगळं तंतोतंत जुळवलं की रुखवतात मांडलेल्या सेटसारखं दिसतं.

वजन आणि माप

आरशात बघण्याआधी रिकामी बॅग हातात तोलून बघा. रोजच्या सामानाची बेरीज अशी होते: मोबाइल २०० ग्रॅम, भरलेली अर्ध्या लिटरची स्टीलची बाटली पाऊण किलोच्या घरात, भरलेला डबा ७०० ग्रॅम, घडीची छत्री ३००, पॉवर बँक २५०, आणि पाकीट, किल्ल्या, कंगवा, औषधं मिळून ३००. अडीच किलो इथेच झाले. चार्जरसकट लॅपटॉपचे दोन किलो धरले तर साडेचार, आणि बॅगच किलोभराची असेल तर साडेपाच. एवढं ओझं रोज एका खांद्यावर न्यायचं नसतं. लॅपटॉप असेल तर पाठीवरची सॅक, नाहीतर डबा-बाटलीची पिशवी वेगळी. वेगळी पिशवी न्यायला काही जणींना कमीपणा वाटतो, पण डब्यातली आमटी कधी ना कधी सांडणारच आहे, ती कशात सांडलेली परवडेल ते बघावं. रिकामी बॅग ७०० ग्रॅमच्या आत असलेली बरी. साखळीचा पट्टा, जाड बकलं आणि तळाची धातूची बटणं यांनी हे वजन नकळत वाढतं.

फाइल नेणाऱ्यांनी बॅगेची रुंदी मोजू नये, चेनचं तोंड मोजावं. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटर असतो, फोल्डर त्याहून मोठा. बॅग ३५ सेंटिमीटरची आणि चेन २८ ची असली की फाइल आत जाताना दुमडतेच. तोंड किमान ३३ हवं. १४ इंची लॅपटॉप साधारण ३२ सेंटिमीटर रुंद असतो, १५.६ इंची ३६ च्या आसपास. पर्समध्ये सेंटिमीटरची टेप ठेवा. दुकानदार हसला तर हसू दे.

खांद्यावरच्या बॅगेत पट्ट्याच्या खांद्यावर टेकणाऱ्या वरच्या बिंदूपासून बॅगेच्या तोंडापर्यंत २५ सेंटिमीटर तरी अंतर हवं. त्याहून आखूड असेल तर ओढणी आणि स्वेटरसकट हात आत जात नाही, आणि ही गोष्ट घरी येऊन थंडीत कळते. आडव्या पट्ट्याच्या बॅगेचा तळ कमरेच्या हाडाशी यावा. ती खाली लोंबली की चालताना मांडीवर आपटते आणि कुर्त्याचा बाजूचा कट तिथेच उचलला जातो. पट्टा १२० ते १३० सेंटिमीटरचा आणि कमी-जास्त करता येणारा असेल तर बहुतेक उंचींना पुरतो. पाच फुटांच्या आतल्या मुलींनी तो सर्वांत आखूड करून घालून बघावा. पुष्कळ पट्टे तेवढे आखूड होतच नाहीत, मग गाठ मारावी लागते आणि गाठ खांद्याला टोचते.

साडीवर पदर डावीकडे, म्हणून बॅग उजवीकडे. साखळीचा पट्टा रेशमी पदराच्या जवळ आणू नका, कड्यांच्या सांध्यात धागा अडकतो. खरखरीत ज्यूटच्या पिशव्या दिसायला छान, पण सुती कुर्त्यावर कमरेपाशी रोज घासून गोळे आणतात.

स्कूटर आणि पाऊस

पुण्यात बॅग निवडताना स्कूटर धरूनच चालावं लागतं. पट्टा अडीच-तीन सेंटिमीटर रुंद असावा, याहून बारीक पट्टा खड्ड्याखड्ड्याला खांद्यात रुततो. बॅगेची जाडी भरल्यावर दहा सेंटिमीटरच्या आत राहिली तर ती रेनकोटच्या आत मावते. गोलमटोल बॅग आत घेतली की रेनकोटची बटणं सुटतात आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. उघड्या तोंडाच्या टोट बॅगा स्कूटरला आणि पीएमपी बसच्या गर्दीला दोन्हीकडे निरुपयोगी. वर आरपार चेन पाहिजे, नुसतं चुंबकाचं बटण पुरत नाही.

डिकी सोयीची, पण एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या गाडीची डिकी चांगलीच तापते. रेक्झिन मऊ पडतं, दोन बाजू एकमेकींना चिकटतात, दुमडलेली घडी कायमची बसते, आतली लिपस्टिक वितळते. बॅग समोरच्या हुकाला अडकवत असाल तर रोज वजन घेणारा बंदाचा तो एकच बिंदू सहा-आठ महिन्यांत भेगाळतो. तिथे जुनी सुती ओढणी किंवा स्कार्फ गुंडाळून ठेवावा, हाताच्या घामापासूनही बंद वाचतो आणि दिसतोही बरा.

ओढणी आणि लोंबता पट्टा दोन्ही मागच्या चाकापासून दूर खोचून घ्या. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी रोज सिग्नलवर मागचा कोणीतरी हॉर्न वाजवून सांगतो.

दुकानात बॅग कशी उलटीपालटी करावी

सगळ्यात आधी पट्टा जिथे बॅगेला जोडलाय ती जागा बघा. स्वस्त बॅग इथेच तुटते, इतर सगळं नंतर. डी-कडी, म्हणजे पट्टा अडकवायची इंग्रजी डी आकाराची कडी, धरणारी जी छोटी पट्टी असते, तिच्या आतल्या बाजूला बोट घालून चिमटीत धरा. आत कापडाचा किंवा रेक्झिनचा आणखी एक जाड थर लागला पाहिजे. तो नसेल तर सगळं वजन नुसत्या वरच्या पातळ थरावर आणि शिलाईच्या एका ओळीवर येतं, आणि सुईने पडलेल्या छिद्रांच्या ओळीवरच रेक्झिन फाटतं. चौकोनात फुली अशी शिलाई असेल, किंवा शिलाईबरोबर आरपार रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेला धातूचा खिळा असेल, तर ती जागा टिकते. रिव्हेट आहे म्हणून खूश होण्याआधी आतून बघा. मागे चकती नसेल तर रिव्हेट काही महिन्यांत भोक मोठं करून सुटतं.

मग टाके. एका इंचात सहा ते आठ टाके बरोबर. चार-पाचच असतील तर लांब टाका ढिला होतो. बारा-चौदा असतील तर छिद्रं इतकी जवळ पडतात की रेक्झिनच कमकुवत होतं. कोपऱ्यावर आणि पट्ट्याच्या टोकाला शिलाई दोनदा मागे-पुढे फिरवलेली हवी. नाहीतर तिथला दोरा सुटून ओळच उसवते.

चेनला नंबर असतो आणि तो पुष्कळदा रनरच्या, म्हणजे चेन लावणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या, मागे कोरलेला सापडतो. मिटलेल्या दातांची रुंदी जेवढे मिलिमीटर, साधारण तोच नंबर. आतल्या कप्प्याला ३ नंबर चालतो, मुख्य तोंडाला ५ च्या खाली नको, ऑफिसच्या बॅगेला ८ असेल तर उत्तम. चेन दहा वेळा उघडझाक करा, पण बॅग टेबलावर ठेवून सरळ रेषेत नव्हे. खांद्यावर घेऊन, एका हाताने, कोपऱ्यावरून वळवून. कोपऱ्यावर अडकणारी चेन पुढे कधीच सुधारत नाही. धातूच्या दातांची चेन भारी दिसते, पण ओढणीचे धागे ओढते आणि दमट हवेत काळी पडते. रोजच्या वापराला नायलॉनची बरी.

आता माल कसला आहे ते. पाटीवर 'लेदर' लिहिलंय की नाही, त्याला फार अर्थ नाही. पट्ट्याच्या टोकाची किंवा आतल्या कप्प्याची कापलेली कड बघा. खऱ्या कातड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेक्झिनच्या कडेला वर पातळ प्लास्टिकचा थर आणि खाली विणलेलं कापड. कड रंगाने जाड लेपून झाकली असेल तर अंगठ्याने पृष्ठभाग दाबा. कातड्यावर वेड्यावाकड्या बारीक सुरकुत्या उमटतात आणि जातात, रेक्झिन एकसारखं दबतं. कातड्याचा भुगा चिकटवून केलेला तिसरा प्रकारही 'लेदर' म्हणूनच विकला जातो. त्याचे दोन-तीन वर्षांत पोपडे निघतात. नऊशे रुपयांत मोठी अस्सल चामड्याची बॅग मिळत नाही, एवढं गणित लक्षात ठेवलं तरी निम्मी फसवणूक टळते.

बॅग वापरलीच नाही, तरी कपाटात सोलली, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. ते पीयू रेक्झिन असतं. पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाशी हळूहळू प्रक्रिया होऊन तुटत जातो, उष्णतेने ते आणखी लवकर होतं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेली बॅग म्हणूनच आधी सोलते, दमट हवा आतच कोंडून राहते. जपून ठेवली म्हणून ती जास्त टिकणार नाही. घेतली की वापरून टाकावी. पीव्हीसीचं तसं होत नाही, पण ते वर्षांनी कडक पडतं किंवा हाताला चिकट लागायला लागतं.

खऱ्या चामड्याचा पुण्यातला शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबर. भिजलेली बॅग कोरड्या कापडाने टिपा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, पंख्याखाली सावलीत वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको, चामडं कडक होऊन तडकतं. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून सुती कापडात गुंडाळा. पांढरी बुरशी धरलीच तर आधी घराबाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर ती शेजारच्या चपलांवर पसरते.

बाजारोबाजार

तुळशीबागेत जायला आता गाडी काढायचं कारण नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रोचं मंडई स्थानक सुरू झालं, तिथून पाच-सात मिनिटं चाललं की झालं. जायचं ते आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी. गणपतीत नको, तुळशीबागेचा मानाचा चौथा, आसपास बाकीचे मानाचे, त्या दिवसांत तिथे उभं राहून कानातल्याची कडी तपासता येत नाही. बॅगांच्या बाबतीत तुळशीबागेचा माल दिसायला ताजा असतो, दोनशे ते पाचशेत मिळतो, आणि वर सांगितलेली डी-कडीच्या पट्टीची परीक्षा दहातल्या आठ बॅगा हरतात. दोनशेत बदलून मिळण्याची अपेक्षाही ठेवू नये. समारंभाला हातात धरायचा खणाचा किंवा पैठणी काठाचा बटवा मात्र तिथून जरूर घ्या. त्यात मोबाइल आणि पाकीट यापलीकडे वजन पडत नाही, त्यामुळे शिलाई साधी असली तरी भागतं. मोबाइल १६ सेंटिमीटर लांब असतो, तोंडाची दोरी ओढल्यावरही तो आत मावतो ना, तेवढं बघा.

हाँगकाँग गल्ली लहान, तासाभरात पालथी घालून होते. कॉलेजच्या स्लिंग, छोट्या सॅक, सनग्लास, मोबाइलची कव्हरं यांसाठी बरी. डेक्कन जिमखान्याचं मेट्रो स्थानक जवळ आहे.

फॅशन स्ट्रीटवर निवड सर्वांत मोठी आणि भाव करायची ताकद असेल तर दरही सर्वांत खाली येतो. मार्च २०२१ च्या आगीत हा बाजार जळाला, नंतर पुन्हा उभा राहिला. गल्ल्या अरुंद आहेत, आतला उजेड पांढराफटक. त्या उजेडात टॅन लालसर की पिवळसर हे कळत नाही, म्हणून बॅग घेऊन रस्त्याच्या उजेडात या. बाहेर न्यायला न देणारा दुकानदार विरळाच. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करावी आणि निघून जायची तयारी ठेवावी. परदेशी नावांचे मोठमोठे लोगो असलेल्या नकला तिथे ढिगाने असतात. त्या घेण्यात काय हशील ते कळत नाही. त्याच पैशांत बिनलोगोची बॅग शिलाईला बरी मिळते, कारण नकलेत खर्च बकलावर आणि छपाईवर गेलेला असतो.

ऑफिसच्या बॅगेसाठी विमाननगरचं फिनिक्स, हडपसरकडचे अमनोरा आणि सीझन्स, सेनापती बापट रस्त्यावरचं पॅव्हेलियन असे मॉल आहेत, शिवाय रस्त्यांवरची शोरूम. चामडंच हवं असेल तर १९७८ मध्ये पुदुचेरीत सुरू झालेला हायडिझाइन बघावा. झाडपाल्याच्या अर्कात कमावलेलं चामडं आणि पितळी बकलं ही त्यांची ओळख. असं चामडं वापरून गडद आणि देखणं होतं, पण पाण्याचे थेंब पडले तर ठिपके राहू शकतात, म्हणून पावसाळ्यात त्याला सुट्टी द्यावी. चामडं नको असलेल्यांना बॅगिट आहे, तिथे प्राण्यांचं कातडं वापरलं जात नाही. व्हीआयपीचा कॅप्रीस, शिवाय लाव्ही, हे रेक्झिनमधले मधल्या भावाचे ब्रँड. सेल नसताना दीड ते साडेतीन हजारांत ऑफिसजोगी बॅग मिळते. चामड्याला पाच हजारांपासून पुढे धरा. अडीच हजारांची बॅग अडीच वर्षं रोज चालली तर महिन्याला ऐंशी-पंच्याऐंशी रुपये पडतात, चारशेची चार महिन्यांत तुटली तर शंभर. बिल सांभाळून ठेवा, वॉरंटीत शिलाई आणि कड्या येतात की फक्त कड्या, हे काउंटरवरच विचारा.

कापडी बॅगांसाठी एक जागा वर्षातून एकदाच येते, डिसेंबरातली भीमथडी जत्रा. बचत गटांच्या बायका इरकल, खण, जाड सुती कापडाच्या पिशव्या आणतात. शबनम पिशवीची सवय असलेल्यांनी तिथे खांद्याचा बंद आणि पिशवीची बाजू एकाच अखंड कापडाची आहे का ते बघावं. बंद वरून जोडलेला असेल तर तो सांधाच आधी जातो. आत अस्तर नसेल तर पेन झिरपलं की कुर्त्यापर्यंत पोहोचतं. रंग पक्का आहे का हे ओल्या रुमालाने तिथेच तपासा, वर जीन्सला सांगितलं तसंच.

कानातली आणि बाकीचं

इथे तुळशीबाग पूर्ण गुण घेते. पन्नास ते दोनशेत रोजची कानातली मिळतात आणि मालाची उलाढाल एवढी की महिन्याला नवं काहीतरी असतं. तपासायचं फार नाही. जोडीतली दोन्ही कानातली एकाच बोटावर शेजारी शेजारी लोंबवून लांबी बघा, निम्म्या वेळा एक आखूड निघतं. झुमका ज्या कडीत लोंबतो तिच्या तोंडात फट दिसली तर दुकानदारालाच पकडीने दाबून द्यायला सांगा. झुमका पडतो तो त्या फटीतून. फिरकीचं मळसूत्र तीन-चार आटे तरी धरलं पाहिजे. एकाच आट्यावर बसणारी फिरकी संध्याकाळपर्यंत पडते, म्हणून मागून रबराची बारीक नळी लावून घ्या.

कान खाजत असतील तर बहुतेक वेळा कारण निकेल असतं. कानात जाणाऱ्या दांडीला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले तर काही दिवस निभावतं, कायमचा इलाज नाही. रोजच्यासाठी चांदीच्या किंवा सर्जिकल स्टीलच्या दांडीची साधी जोडी ठेवावी. हेल्मेटखाली टॉप्स किंवा दोन सेंटिमीटरच्या आतल्या बाळ्या. लांब झुमके डबीत घालून न्या आणि पोहोचल्यावर घाला. हेल्मेट ओढून काढताना हुक कानाची पाळी फाडू शकतो, ही अतिशयोक्ती नाही. दहा-बारा ग्रॅमचा झुमका रोज घातला तर भोक लांबतंच.

ऑक्सिडाइज्डचा काळा रंग पांढऱ्या कॉलरवर उतरतो, तो फिक्या शर्टबरोबर गळ्यात नको, कानात चालेल. मुलामा दिलेल्या दागिन्यांवर अत्तर-परफ्यूम उडालं की मुलामा काळवंडतो, म्हणून परफ्यूम आधी, दागिने शेवटी. नुसत्या सुती कुर्त्यावर मोत्यांच्या कुड्या घालून बघा. त्या फक्त साडीच्या असतात हा समज निष्कारण आहे.

बांगड्यांची मापं इंच आणि सोळाव्या भागांत असतात. २-४ म्हणजे आतला व्यास ५७ मिलिमीटर, २-६ म्हणजे ६०, २-८ म्हणजे साडेत्रेसष्ट. आपली घरची बांगडी पट्टीने आतून मोजून जा, म्हणजे साबण लावून ओढाओढ करावी लागत नाही. कुर्त्यावर बांधायचा बेल्ट एक ते सव्वा इंचाचा, त्याहून रुंद बेल्ट बसल्यावर बरगडीला टोचतो. घड्याळाचा पट्टा बदलताना १४, १६, १८ मिलिमीटर यांपैकी नेमकं माप सांगा, अंदाजाने आणलेला बसत नाही. तोंडाला बांधायचा स्कार्फ दोन मीटर लांब आणि सुतीच. पॉलिस्टरचा हेल्मेटखाली घसरतो आणि घाम टिपत नाही.

बिघडल्यावर

चेन लागते पण रनर पुढे गेला की मागून उघडते, हा सर्वांत नेहमीचा बिघाड आणि त्यासाठी बॅग टाकून देतात. चेन धड असते, रनरचे जबडे रुंदावलेले असतात. रनर चेनच्या सुरुवातीला आणा, पकडीने त्याच्या मागच्या टोकाला आधी डावीकडे, मग उजवीकडे हलकेच दाबा, चालवून बघा, लागलं तर पुन्हा थोडं दाबा. एकदम जोर लावला तर रनर जाम होतो किंवा तडकतो. हा उपाय काही महिने पुरतो. मग रनरच बदलायचा, तीस ते शंभर रुपयांचं काम. दातच गळाले असतील तर पूर्ण चेन बदलावी लागते, बॅगेप्रमाणे दीडशे ते चारशे. रस्त्याकडेला बसणारे चांभार आणि बॅग दुरुस्तीवाले हे काम करतात. शिलाई हाताने करणार की मशिनने ते आधी विचारा, जाड जोडाला हाताची बरी. पट्ट्याची तुटलेली जागा शिवून घेताना आतून जाड पट्टी लावायला सांगा, नुसती शिवली तर पुन्हा तिथेच फाटते.

सोललेल्या रेक्झिनला दुरुस्ती नाही. बूटपॉलिश, रंग, चिकटवणं, सगळं आठवडाभरात कपड्यांवर उतरतं. अशी बॅग टाकताना हुक, डी-कड्या, लांब पट्टा आणि चालू रनर सोडवून ठेवा. पुढच्या स्वस्त बॅगेचा पट्टा तुटेल तेव्हा तेच उपयोगी पडतात.